गिटारवाला गेला? आधी पानठेल्यावर या

तर भाऊ, तुमच्या लाडक्या सुपरग्रुपचा, म्हणजे वेगवेगळ्या नावाजलेल्या बँडमधले लोक जमवून केलेल्या बँडचा, गिटारवाला ग्रुप सोडून गेला. बातमी आली तेव्हा तुम्ही कपाशीत फवारणी करून राह्यले होते, पंप पाठीवर, मोबाईल खिशात पन्नीत गुंडाळलेला, अन् टुंग वाजलं तसा पंप उतरवून तुम्ही धुऱ्यावर मटकन बसले. बरोबर केलं. बोंडअळी काय, उद्याही राहते.

आता काय करायचं ते मी सांगतो. माझा अधिकार म्हणाल तर चार वर्षं इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर रॉक ऐकला, डिग्री आली नाही पण रॉक आला, अन् आता गावात आमचा स्वतःचा सुपरग्रुप आहे, म्हणजे पाच गावच्या भजन मंडळांतून अन् दोन बँड पार्ट्यांतून एकेक चांगला माणूस फोडून आणलेला. ऑक्टोपॅडवाला एकीकडचा, ढोलकीवाला दुसरीकडचा, खंजेरी तुकडोजी महाराजांच्या भजनात घासून तयार झालेली. त्या पाचही गावात आता आम्हाला कोणी चहा पाजत नाही, तो भाग वेगळा.

पहिलं काम, आश्चर्य वाटून घ्या. मनापासून वाटून घ्या. "असा कसा गेला बे?" असं दिवसातून दोनदा तरी म्हणा. फक्त तो तुमच्या ग्रुपात आला कुठून हे आठवू नका, नाहीतर आश्चर्याची सगळी मजा जाते. 1981 साली लंडनमध्ये एशिया नावाचा सुपरग्रुप जमला. स्टीव्ह हाऊ अन् जेफ डाऊन्स येस या बँडमधले, जॉन वेटन किंग क्रिमसनचा, कार्ल पामर इमर्सन लेक अँड पामरचा, म्हणजे चौघांचंही आधीचं घर एकतर मोडलेलं नाहीतर सोडलेलं. 1982 ची पहिली प्लेट, म्हणजे अल्बम, अमेरिकेत 9 आठवडे एक नंबरवर. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1983 मध्ये, टोकियोच्या बुडोकान हॉलमध्ये माईकसमोर गाणारा वेटन नव्हताच, पामरच्या जुन्या बँडमधला ग्रेग लेक उभा होता. मग वेटन परत आला, तर गिटारवाला हाऊ गेला. त्याच्या जागी स्वित्झर्लंडचा मँडी मेयर आला अन् 1985 ची प्लेट त्यानं वाजवली. 2006 मध्ये जुने चौघं पुन्हा एकत्र, 2013 मध्ये हाऊ पुन्हा बाहेर. आमच्या ग्रामपंचायतीत पण एवढे अविश्वास ठराव झाले नाहीत.

तो का गेला हे विचारायच्या भानगडीत पडू नका. त्यांच्याकडे त्याला संगीताविषयीचे मतभेद म्हणतात, आपल्याकडे वाटणीत घोळ म्हणतात. आमचा गिटारवाला चाकणला कंपनीत लागला. जाताना म्हणाला, "भाऊ, तिथं महिन्याच्या महिन्याले पैसे भेटतात." यात संगीताविषयीचा मतभेद आहेच ना, महिन्याच्या महिन्याला पैसे हा आमच्या संगीतात कधी बसलेलाच नाही. गिटार मात्र ठेवून गेला कारण ती त्याची नव्हती, मंडळाची होती. तिची तिसरी तार तुटलेली, तिथं मोटरसायकलच्या क्लच वायरमधली एक तार सोडवून बांधलेली, अन् तार छेडायचं पिक म्हणजे जुन्या सिमकार्डाचा कापलेला कोपरा. तरी वाजायची. म्हणजे वाजत असावी, ऑक्टोपॅडपुढं कधी ऐकू आली नाही.

आता मुख्य विषय, त्याच्या जागी कोण. यासाठी संध्याकाळी पानठेल्यावर जा, खर्रा घोटायला सांगा अन् विषय काढा. खर्रा पन्नीत घोटून होईपर्यंत सात नावं येतात. त्यातले दोन वारलेले असतात, तिघं पंच्याहत्तरीच्या पुढचे, एक ढोल वाजवणारा, अन् सातवा सांगणाऱ्याचा साळा. सगळ्यांची नावं गंभीर चेहऱ्यानं लिहून घ्या. साळ्याचं नाव सगळ्यात वर लिहा, कारण खर्ऱ्याचे पैसे तो सांगणारा देणार आहे.

घरातलाच माणूस घ्यावा का? का नाही घ्यावा. एसी/डीसी हा रॉक बँड काही सुपरग्रुप नाही, पण 2014 मध्ये त्यांचा गिटारवाला माल्कम यंगला आजारपणामुळं थांबावं लागलं तेव्हा त्यांनी पुतण्यालाच उभं केलं, स्टीव्ही यंगला. तो 1988 च्या अमेरिका दौऱ्यातही काकाच्या जागी वाजवून गेला होता, म्हणजे उमेदवारी जुनीच. काका-पुतण्याच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या माणसाला मी काय सांगणार. फक्त पुतण्या वाजवतो की नाही ते आधी पाहून घ्या, ते त्यांनी पाहिलं होतं.

नाहीतर सरळ जाहिरात द्या. द स्मॅशिंग पम्पकिन्स या बँडनं 2024 च्या सुरुवातीला गिटारवाल्यासाठी दिली, कोणीही अर्ज करा म्हणून, तर 10,000 च्या वर अर्ज आले अन् शेवटी किकी वाँग नावाची बाई निवडली. आम्ही व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर जाहिरात टाकली, तर दोन जण आले. एकाजवळ गिटार होती, दुसऱ्याले वाजवता येत होती. जुळलं म्हणता ना? दोघं चुलतभाऊ निघाले अन् धुऱ्यावरून दोघांची बोलचाल बंद, केस तालुक्याले चालू. मोजणी झाली की गिटारीचं पाहू म्हणाले.

गेलेला फारच मोठा होता अन् येणाऱ्याची तुलना होईल अशी भीती असली तर त्याचं तोंड झाका. गंमत नाही करत. गिटारवाला स्लॅश 1996 मध्ये गन्स एन' रोझेस हा बँड सोडून गेला, पुढं 2000 मध्ये त्यांनी बकेटहेडला घेतलं, तोंडावर पांढरा मुखवटा अन् डोक्यावर तळलेल्या कोंबडीची रिकामी बादली. वाजवायचा मात्र जबरदस्त, आता बादलीखाली कोण आहे हेच माहीत नसल्यावर शिव्या देणार कोणाले? 2004 मध्ये तोही गेला. स्लॅश परतला 2016 मध्ये, 20 वर्षांनी. तोपर्यंत पानठेल्यावर त्याची वाट पाहणाऱ्यांची पोरं लग्नाला आली.

अन् वाचणारे तुम्ही स्वतःच बदली गिटारवाले असाल तर एवढंच सांगतो, किस्तीवर काही घेऊ नका. रेड हॉट चिली पेपर्स या बँडमध्ये गिटारवाला जॉन फ्रुशियांते दोनदा गेला अन् दोनदा आला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा 2009 मध्ये जोश क्लिंगहॉफर आला, दहा वर्षं वाजवलं बिचाऱ्यानं, दोन प्लेटा केल्या, अन् डिसेंबर 2019 मध्ये जुना माणूस परत येतोय म्हणून त्याला नमस्कार. सालदाराचं तरी पाडव्याला ठरते.

शेवटचा मार्ग मला स्वतःला आवडतो, कोणालाच घेऊ नका. ट्रॅव्हलिंग विल्बरीज म्हणजे सुपरग्रुपांचा बाप, जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, टॉम पेटी, जेफ लिन अन् रॉय ऑर्बिसन. डिसेंबर 1988 मध्ये ऑर्बिसन वारला. उरलेल्या चौघांनी बदली माणूस शोधला नाही. पुढच्या गाण्याच्या व्हिडिओत झुलत्या खुर्चीवर नुसती गिटार ठेवली, खुर्ची हलत राहते अन् हे चौघं गात राहतात. होस्टेलवर ते पाहून मी रात्री बाथरूममध्ये जाऊन रडलो होतो, अन् बादली वाजवून लपवलं होतं.

म्हणून तान्हा पोळ्याच्या कार्यक्रमाला मी तेच केलं. कीबोर्डवाला म्हणे, "कायले टेन्शन घेता भाऊ, माह्या कीबोर्डात गिटारचा टोन आहे." झालं मग. स्टेजवर मधोमध एक लाल प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर क्लच वायरवाली गिटार, वरून एक झेंडूचा हार. मंडपवाल्यानं खुर्चीचं भाडं वेगळं लावलं, दिलं. पोरं लाकडी बैल घेऊन समोर बसली, लाईट गेली, आली, आम्ही सुरू झालो. तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले, दीड तास उशिरा, अन् स्टेजवर तेवढी एकच खुर्ची रिकामी. मी "साहेब, साहेब" म्हणेपर्यंत त्यांनी हार स्वतःचा समजून गळ्यात घातला, गिटार उचलून मांडीवर घेतली अन् बसले. आता प्रमुख पाहुण्याला उठवणार कोण? बसले तसे पूर्ण दोन तास बसले, मधून मधून तारेवर बोट फिरवत, मागून कीबोर्डवाला टोन सोडत.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर गेलो तर एक म्हातारबा म्हणाले, "भाऊ, नवीन गिटारवाला चांगला आणला बरं का. पहिल्यापेक्षा हात साफ आहे. अन् उगाच नाचत नाही."