'सगळे सर्व्हे विकलेले' म्हणणाऱ्या काकांसाठी

मिरजेच्या काकांनी घरच्या ग्रुपवर तो मेसेज परत टाकलाय. तुम्हालाही आला असेल. "गाड्यांचे सर्व्हे म्हणजे पैसे देऊन छापलेली जाहिरात. चार-दोन हजार लोकांना विचारून काय कळतं? आपल्या मिस्त्रीला विचारा, तोच खरं सांगतो." काकांचा मान राखून सांगतो, यातलं थोडं बरोबर आहे आणि बरंचसं नाही.

आधी पैशाचं. संशय अगदीच हवेतला नाही. जर्मनीतल्या एडीएसी या मोटार संघटनेनं 'आवडती गाडी' ठरवताना विजेत्या गाडीला 34,299 मतं पडली असं सांगितलं होतं. पडली होती 3,409. 2014 च्या जानेवारीत हे उघडकीला आलं आणि प्रसिद्धिप्रमुखाला जावं लागलं. पण तो आवडीनिवडीचा कौल होता. त्याच संघटनेची बिघाडांची यादी रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांच्या मदतीला धावणाऱ्यांच्या नोंदींवरून बनते. दोन्ही एकाच मापानं मोजू नका. जे. डी. पॉवर ही गाडीमालकांचे सर्व्हे करणारी अमेरिकन कंपनी गाडी कंपन्यांना आकडेवारी विकते, जाहिरातीत पुरस्काराचं नाव वापरायचेही पैसे घेते, म्हणून होर्डिंगवरच्या 'नंबर वन'कडे मीही तिरकंच बघतो. उलट 1936 पासून चालू असलेली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था जाहिराती घेत नाही आणि चाचणीची गाडी स्वतःच्या पैशानं विकत घेते. टोयोटाच्या नव्या मॉडेलची डोळे झाकून शिफारस करणं तिनं 2007 साली बंद केलं, कारण काही मॉडेलबद्दल मालकांनी कळवलेल्या तक्रारी सरासरीपेक्षा जास्त निघाल्या. विकली गेली असती तर टोयोटाला दुखावलं असतं का?

'चार-दोन हजार लोक' हा मुद्दा सोडून द्या. शितावरून भाताची परीक्षा आपणच करतो की. शितं एकाच कोपऱ्यातली नसली म्हणजे झालं.

खरी गोम मेसेजमध्ये नाहीच. ती आहे 'तक्रार' कशाला म्हणायचं यात. जे. डी. पॉवरच्या एका सर्व्हेत गाडी घेतल्यानंतरचे पहिले 90 दिवसच धरतात. आपल्याकडं नव्याचे नऊ दिवस, त्यांच्याकडं नव्वद. दुसरा तीन वर्षं जुन्या गाड्यांचा. त्यात 2024 साली 100 गाड्यांमागं सरासरी 190 तक्रारी निघाल्या, आणि सगळ्यात जास्त होत्या स्क्रीन, फोन जोडणं असल्या गोष्टींच्या. फोन जोडला जात नाही, एक तक्रार. गिअरबॉक्स बसला, तीही एकच. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावरून रोज विटा-सांगली करणाऱ्याला या बेरजेचा काय उपयोग? शिवाय ते मालक अमेरिकेतले, आणि त्या यादीतल्या कितीतरी गाड्या इथल्या शोरूमला दिसतही नाहीत. इथं काका जिंकले, फक्त कारण वेगळं.

(भारत एनसीएपीचे तारे यात घुसडू नका. ते अपघातातल्या सुरक्षिततेचे. पाच तारे असलेली गाडीही घाटात बंद पडू शकते.)

आता मिस्त्री. माझा स्वतःचा त्याच्यावर भरवसा आहे, तरी हिशेब बघा. समजा, भागात एका मॉडेलच्या 1000 गाड्या आहेत आणि वर्षात त्यातल्या 50 त्याच्याकडं आल्या. दुसऱ्याच्या 40 गाड्या, त्यातल्या आल्या 6. मिस्त्री सांगणार, "पहिली लई येती बघा कामाला." प्रत्यक्षात पहिलीचं प्रमाण 5 टक्के, दुसरीचं 15. न बिघडलेली गाडी त्याच्या दारात येतच नाही, मग तो ती मोजणार कशी? आणि नव्या गाड्या वॉरंटी संपेपर्यंत शोरूमच्याच वर्कशॉपला जातात, त्यामुळं त्याच्याकडं दिसतात त्या बहुतेक जुन्याच.

मग मिस्त्रीला काय विचारायचं? कोणत्या मॉडेलचा कोणता पार्ट जातो, तो सांगलीत मिळतो की कोल्हापूरहून मागवावा लागतो, मजुरी किती. आणि सेकंडहँड घेणार असाल तर समोरची एकच गाडी उघडून दाखवायची. मागच्या वर्षी मी एक घ्यायला निघालो होतो. रनिंग कमी, रंग चकाचक, मॉडेल यादीत वरचं. मिस्त्रीनं सीटखालचं कार्पेट उचललं, पट्टीच्या कडेला बोट फिरवलं, वाळलेला गाळ माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "2019 च्या पुरात ही कुठं उभी होती, विचारलं का?"