सुब्रह्मण्यम यांची ओळख एवढीच?

संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात त्यांची ओळख 'परराष्ट्रमंत्री जयशंकर यांचे वडील' अशी करून दिलेली खटकली. आमच्या पिढीसाठी ओळख उलटी होती हो!

आम्ही सोलापूरकर. चीन म्हटलं की आम्हाला आधी तिथे जाऊन रुग्णसेवा केलेले आमचे डॉ. कोटणीस आठवतात, १९६२ चं युद्ध त्यानंतर. त्यामुळे परराष्ट्र धोरण म्हणजे मैत्री आणि भाषणं, असा माझा समज होता. वाचनालयात दुपारी उशिरा येणाऱ्या इंग्रजी पेपरात सुब्रह्मण्यम यांचे लेख वाचले आणि तो समज पार मोडला. भाषा रुक्ष, अलंकार शून्य, पण मुद्दा असा की दोन दिवस डोक्यातून जात नसे.

१९५१ च्या तुकडीचा हा सनदी अधिकारी १९६८ मध्ये दिल्लीच्या संरक्षण अभ्यास संस्थेचा, म्हणजे आयडीएसएचा, संचालक झाला. अण्वस्त्रांची बाजू त्यांनी पोखरणच्या कितीतरी आधीपासून लावून धरली. आणि तेच गृहस्थ १९९९ च्या अणुधोरणाच्या मसुद्यात 'प्रथम वापर नाही' म्हणतात. लेखात हे एका ओळीत उरकलंय, खरं तर इथेच जरा रेंगाळायला हवं होतं. बॉम्ब वापरण्यासाठी नाही, समोरच्याला रोखण्यासाठी, हे त्यांचं सूत्र होतं.

कारगिल युद्धानंतर त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीचा उल्लेख आहे, ठीक. पद्मभूषण नाकारल्याचा मात्र नाही! सरकारी अधिकाऱ्याने आणि पत्रकाराने सरकारी सन्मान घेऊ नये, असं त्यांचं मत होतं. आजच्या टीव्हीवरच्या तज्ज्ञांना कुणीतरी हे ऐकवा.