भिडेचे पाच तारे

परवा सर्व्हिसिंगला दिलेली गाडी आणायला गेलो. तिथला पोरगा अगदी नम्र. चावी हातात देताना हळूच म्हणाला, "सर, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा सांगा हं. नऊ दिले तरी आमचं इन्सेन्टिव्ह कापतात." गाडी चकाचक धुतली होती. फक्त डाव्या दाराची करकर, जिच्यासाठी मुळात गाडी दिली होती, ती तशीच. संध्याकाळी फोन आला. मी दहा सांगितले.

आता मला सांगा, खोटा रिव्ह्यू कुणी दिला?

हा विषय निघाला की आपण लगेच पैसे घेऊन रिव्ह्यू लिहिणाऱ्या टोळ्यांवर घसरतो. टोळ्या आहेतच. 2022 मध्ये ॲमेझॉननं 10,000 हून जास्त फेसबुक ग्रुपच्या ॲडमिनवर दावा ठोकला होता. फुकट वस्तू किंवा पैसे घ्या आणि रिव्ह्यू लिहा, असा त्या ग्रुपचा धंदा होता. पण आपल्याकडच्या ताऱ्यांची वाट टोळ्यांनी जेवढी लावली, त्याहून जास्त भिडेनं लावली, असं माझं स्पष्ट मत झालंय. मेव्हण्याचं दुकान, शेजाऱ्याच्या मुलीचं पार्लर, सोसायटीतल्या डॉक्टरांचा नवा दवाखाना. लिंक येते, "जरा पाच स्टार टाका ना", आणि आपण टाकतो. न टाकून सांगता कुणाला!

मी स्वतः माझ्या भाच्याच्या कॅफेला पाच तारे दिलेत. "Ambience छान, कॉफी अप्रतिम" वगैरे लिहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं, मी चक्क देवनागरीत चार ओळी लिहिल्या. कॅफे पुण्यात, मी सांगलीत. तिथली कॉफी मी आजतागायत प्यायलेलो नाही. आणि मी चहावाला माणूस.

याची फेड व्याजासकट झाली. आईच्या पंचाहत्तरीला केटरर शोधत होतो. एकाला 4.8. डोळे झाकून ॲडव्हान्स दिला. मसालेभात कच्चा, मठ्ठा आंबट आणि जिलबी तिसऱ्या पंक्तीपर्यंत पोचलीच नाही. आई बिचारी "असू दे रे" म्हणत राहिली. रात्री घरी येऊन ते रिव्ह्यू पहिल्यांदा नीट वाचले. तीसएक रिव्ह्यू, त्यातले वीस-बावीस एकाच आठवड्यातले, निम्म्यांचं आडनाव मालकाचंच. जेवणात काय होतं याचा कुठं उल्लेख नाही, नुसतं "खूप छान सेवा", "पुढील वाटचालीस शुभेच्छा". शुभेच्छा! जेवून उठलेला माणूस पुढील वाटचालीस शुभेच्छा देतो का कधी? हे सगळं आधी दिसत होतं. मी फक्त आकडा बघितला होता.

आता नाण्याची दुसरी बाजू, जी मला जास्त टोचते. माझी वहिनी इथं सांगलीतच विश्रामबागेत चपाती-भाजी केंद्र चालवते. रोज साठेक डबे जातात. पाच वर्षांत तिला ऑनलाइन नऊ रिव्ह्यू मिळाले होते, नऊही पाच ताऱ्यांचे. (त्यातले चार आमच्या घरातलेच, हे लपवत नाही.) मग दोन महिन्यांत दोन एकेक ताऱ्याचे आले. पहिला, "दुकान बंद होते." तारीख बघितली तर गुढीपाडवा. दुसऱ्यात लिहिलं होतं की बिर्याणीत पीस कमी होते. वहिनी बिर्याणी करत नाही. तिच्याकडं अंडंसुद्धा शिजत नाही. तिच्या केंद्राचं नाव अन्नपूर्णा, आणि या महाराष्ट्रात अन्नपूर्णा नाव नसलेलं गाव दाखवा! कुठल्या तरी दुसऱ्याच अन्नपूर्णेचा राग हिच्यावर निघाला. रिपोर्ट केला, खाली सभ्य भाषेत उत्तर लिहिलं. तो तारा अजून तिथंच आहे.

गणित बघा. नऊ रिव्ह्यूंचे 45 तारे, त्यात दोन, म्हणजे 47. भागिले 11. पाचाचं थेट 4.3 झालं. ज्या हॉटेलला तीन हजार रिव्ह्यू आहेत त्याला असले दोन तारे म्हणजे म्हशीच्या पाठीवरचा पाऊस. वहिनीला मात्र नवीन गिऱ्हाईक विचारतं, "रेटिंग का कमी झालंय?" आणि रोजचे साठ जण? ते काही लिहीत नाहीत. त्यातल्या एका काकांना मी विचारलं, तर म्हणाले, "चांगली आहे म्हणून तर चार वर्षं खातोय, आता लिहायचं काय त्यात?"

नावाच्या घोळाचा सगळ्यात मोठा किस्सा 2017 चा. स्नॅपचॅटच्या प्रमुखानं भारताला गरीब देश म्हटलं असा आरोप झाला आणि आपले देशभक्त एक तारा द्यायला धावले. त्यातल्या कित्येकांनी तो स्नॅपडीलला, म्हणजे भलत्याच शॉपिंग कंपनीला दिला. स्नॅप आहे ना नावात, मग बस! त्याआधी 2015 मध्ये याच स्नॅपडीलला आमिर खानच्या एका वक्तव्यापायी एक ताऱ्यांचा मार बसला होता, कारण तो त्यांची जाहिरात करायचा. या दोन्ही भानगडीत स्नॅपडीलवरनं मागवलेला चार्जर चालला की नाही, हा प्रश्न कुणाच्या मनातही नव्हता.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास मांडला. येल्प नावाच्या साइटवर एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्के वाढतं, असं त्यात दिसलं. पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. हा परिणाम स्वतंत्र, एकट्यादुकट्या रेस्टॉरंटांवर होता. मोठ्या साखळीवाल्यांवर नाही. त्यांचं नाव लोकांना आधीच माहीत असतं, त्यांना ताऱ्यांची गरज काय? तारे हलले की हलतात ती आमच्या वहिनीसारखी माणसं.

लंडनच्या ऊबा बटलर या लेखकाचा उद्योग बऱ्याच जणांनी वाचला असेल. त्यानं 2017 मध्ये आपल्या घरामागच्या शेडला ट्रिपॲडव्हायझर या रिव्ह्यूंच्या साइटवर रेस्टॉरंट म्हणून नोंदवलं आणि काही महिन्यांत ते लंडनमध्ये पहिल्या नंबरावर नेलं. तिथं एक ताटही वाढलं गेलं नव्हतं. लोक हसतात, वेबसाइट फसली म्हणतात. मला वेगळंच दिसलं. ते रिव्ह्यू कुठल्या यंत्रानं लिहिले नव्हते. त्याच्या मित्रांनी आणि ओळखीच्यांनी लिहिले होते. साहेबाच्या देशातही भीड असते तर!

आपल्याकडं 2023 च्या सुमाराला टेलिग्रामवरच्या टास्क फ्रॉडनं पुण्या-मुंबईत कितीतरी लोकांना लुबाडलं. सुरुवात काय असायची? अमुक हॉटेलला पाच तारे द्या, घरबसल्या पैसे मिळवा. पहिले दीडशे-दोनशे खरंच खात्यात यायचे, मग "प्रीपेड टास्क", म्हणजे आधी तुम्ही पैसे भरा, मग लाखांनी गेले. फसलेल्यांबद्दल मला वाईट वाटतंच. पण ज्या हॉटेलचं दारही पाहिलं नाही त्याला तारे देताना त्या पहिल्या दिवशी कुणाला काही खटकलं नाही, कारण हे काम आपण फुकटात करतच आलो होतो.

कायदा म्हणाल तर भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 19000:2022 हे मानक नोव्हेंबर 2022 मध्ये आलं. रिव्ह्यू लिहिणारा खरा आहे का तपासा, विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नका वगैरे. पण ते ऐच्छिक आहे. अमेरिकेचा ऑक्टोबर 2024 पासूनचा नियम जास्त कडक. त्यात तर मालक-मॅनेजरनं जवळच्या नातेवाइकांकडून, नातं न सांगता, रिव्ह्यू लिहून घेण्यावरही बंधन आहे. हा नियम इथं लागू केला तर निम्म्या महाराष्ट्राचे तारे एका रात्रीत विझतील. आमच्या घरातले चार धरून.

आणि गंमत म्हणजे आपली मूळ भाषा ताऱ्यांची नाहीच. आमचे आजोबा पंक्तीतून उठताना "बरं झालं होतं" म्हणाले की आचारी आठ दिवस छाती काढून फिरायचा. "बरं" म्हणजे आज किती तारे? तीन. तीन तारे दिले तर डिलिव्हरीवाल्या पोराचं काम जाईल की काय अशी धास्ती आपल्याला वाटते, म्हणून पाच. मग जेवण खरोखर बोटं चाटायला लावणारं निघालं, तर सहावा तारा कुठून आणायचा?

मी आता केटरर शोधताना आधी तीन-चार ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचतो. "भाजी उत्तम, पण वाढपी कमी" असं लिहिणारा माणूस बहुधा खरंच जेवलेला असतो.

गेल्या रविवारी बसून मी माझे जुने रिव्ह्यू काढले. एकोणीस होते. त्यातल्या सात ठिकाणी मी कधी गेलोच नव्हतो. ते सातही पुसले, वहिनीला दिलेलाही पुसला (तिला सांगून, आणि तिनं दोन दिवस अबोला धरला). तासाभरात पुण्याहून भाच्याचा फोन. "मामा, माझं काही चुकलं का?"

म्हटलं, "नाही रे. पुढच्या महिन्यात येतो, तुझ्याकडं कॉफी पितो, मग लिहितो."

"चालेल की! तुमच्याकडून पैसे थोडेच घेणार आहे मी?"

"घ्यायचे," म्हटलं. "बिलासकट."