अंगात येणं तिकिटावर नको, नवीन नाच मात्र जरूर बसवा

बालीहून येऊन दोन महिने झाले तरी एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय, जरा मोठं होईल.

उबुडला संध्याकाळी केचक नावाचा नाच बघायला गेलो होतो. कमरेला काळ्यापांढऱ्या चौकटींचं कापड गुंडाळलेले पुरुष गोल करून बसलेले, वाद्य एकही नाही, नुसतं चक-चक-चक आणि मधोमध रामायण. सीता, रावण, हनुमान, आपल्याला काही समजावून सांगायला लागतच नाही, अक्षरशः काटा आला अंगावर. ते संपलं आणि शेवटी एक माणूस गवताचा घोडा घेऊन नारळाच्या सोडणांच्या जाळातून अनवाणी गेला, सांघ्यांग जारान म्हणतात त्याला. मागून मराठीत कोणीतरी म्हणालं, "खरंच अंगात आलंय काय रे?" आणि तोवर पुढचे लोक मोबाइल घेऊन त्याच्या तोंडापर्यंत पोचले पण. मला तिथे बसवेना.

आता काहीजण म्हणतील बालीने सगळा देवधर्मच टुरिस्टांना विकलाय. मला हे अजिबात पटत नाही. मुळात केचकच नवीन आहे ना! 1930 च्या दशकातला. सांघ्यांग म्हणजे अंगात येण्याचा विधी, त्यात लहान मुलींच्या अंगात देवता यावी, गावावरची रोगराई टळावी म्हणून पुरुष जो चक-चक कोरस धरायचे तो घेतला, त्याला रामायण जोडलं, बेदुलू गावचे नर्तक वायान लिंबाक आणि जर्मन चित्रकार वाल्टर स्पीस यांची नावं त्यात घेतली जातात. म्हणजे कोरस घेतला पण देवतेला बोलवायचं काम देवळातच ठेवलं. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, आणि उबुडमध्ये कितीतरी शो तिथल्या बंजारचेच, म्हणजे वस्तीचेच असतात, पैसा गावात राहतो.

पेंदेतचं तर अजून भारी आहे. देवळात देवांच्या स्वागताचा नाच, तो पाहुण्यांसमोर व्हायला लागला, लोकांना खटकलं, मग त्याच्यावरून पान्येंब्रामा नावाचा वेगळा स्वागताचा नाच बसवला. 1971 ला बालीच्या राजधानीत, देनपसारमध्ये यावर सेमिनार झालं आणि नाचांचे तीन भाग पाडले, वाली म्हणजे देवळाच्या आतले पवित्र, बेबाली विधीच्या सोबतचे आणि बालिह-बालिहान निव्वळ बघण्यासाठीचे. गंमत म्हणजे पुढे तो टुरिस्टांसाठीचा पान्येंब्रामा देवळातही नाचला जायला लागला!! रेषा अशी सरकते, मान्य आहे, पण ती कुठे आहे यावर ते लोक स्वतः भांडतात, ठरवतात हे महत्त्वाचं. 2019 मध्ये तर गव्हर्नरांनी तिथल्या हिंदू संस्थांना सोबत घेऊन पवित्र नाच कमाईसाठी बाहेर करायला बंदीच घातली.

म्हणून कोणी नवीन शो बसवत असेल तर बसवू दे, चाल घ्या, ताल घ्या, कपडे घ्या, नाव मात्र नवीन द्या आणि अंगात येणं तेवढं सोडा. ते खरं असेल तर बघायची वस्तू नाही आणि खोटं असेल तर ज्यांच्या देवळात ते खरं घडतं त्यांचा अपमान आहे.

मला आता रेजांग बघायचाय, गावच्या बायका रांगेने हळूहळू देवासमोर येतात तो. बहुतेक देवळांचा ओदालान, म्हणजे वर्धापनाचा उत्सव, दर 210 दिवसांनी असतो, तारीख विचारून जाईन, सारोंग नेसून मागे बसेन, फोन पिशवीत.