मुशीला हाडं नसतात हो!

कच्छमधल्या जीवाश्म शार्क-पाकटांवरचा लेख आवडला. पण 'शार्कची हाडं' हे दोनदा आलेलं खटकलं. मुशी (म्हणजे शार्क) आणि तिचे चपटे भाऊबंद पाकट यांचा सांगाडा कुर्चेचा, आपल्या नाकाच्या शेंड्यासारखा लवचीक. मेल्यावर तो बहुधा कुजून जातो, दात मात्र टिकतात. शिवाय हे दात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात, एकेका माशाचे हजारो. म्हणून सापडतात ते बहुतेक दातच.

आणि खरी गंमत दातांतच आहे. पुण्यात कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात पाकट घेताना कधी तोंड उघडून बघा (मासेवाली वैतागेल, ते सोडा). काही जातींचे दात फरशीसारखे चपटे, एकमेकांना चिकटून बसलेले असतात, शिंपले फोडायला. असे दात एखाद्या थरात भरपूर मिळाले, तर तिथे उथळ समुद्र होता, तळाशी शिंपल्यांची रेलचेल होती, असा अंदाज बांधता येतो. दातांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (म्हणजे त्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) तर पाण्याचं तापमानही काढतात. 2021 साली जैसलमेरच्या ज्युरासिक खडकांतून स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस ही मुशीची नवी जात नोंदवली गेली. तिचेही दात चुरडण्याचेच. वाळवंटात मुशी, काय सांगावं!

खाली प्रतिक्रियांत एकांनी विचारलंय, पुण्याच्या वेताळ टेकडीवर असे दात मिळतील का? नाही. आपल्या पायाखाली सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, समुद्राचा गाळ नव्हे. खाणीत झिओलाइट या खनिजाचे स्फटिक मिळाले तर नशीब समजा. दातांसाठी कच्छच गाठावं लागेल, आणि तेही उन्हाळ्यात नको.