इब्री 2:9 अर्धंच वाचलंय
एका लेखात इब्री 2:9 मधलं (इब्री म्हणजे बायबलच्या नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र; अध्याय 2, वचन 9) ‘देवदूतांपेक्षा किंचित कमी’ एवढंच उचलून ख्रिस्ताला दुय्यम ठरवलंय. अहो, वचन पुरं वाचा की! तो कमीपणा मरण सोसण्यापुरता, आणि त्याच वाक्यात गौरवाचा मुकुटही आहे.

खरा युक्तिवाद पहिल्या अध्यायात आहे. वचन 5 ते 13 मध्ये जुन्या करारातले (बायबलच्या पहिल्या भागातले) सात उतारे एकामागून एक येतात. त्यांत सगळ्यांत वजनदार 10 ते 12. स्तोत्र 102 मध्ये जगाच्या निर्मात्याला केलेली प्रार्थना इथे थेट पुत्राला, म्हणजे ख्रिस्ताला, लावलीय: आकाश वस्त्रासारखं जीर्ण होईल, गुंडाळलं जाईल, तुझी वर्षं मात्र संपणार नाहीत. देवदूतांचं काय? ते सेवा करणारे, पाठवलेले आत्मे (वचन 14). पुत्राला नमन करायची त्यांना आज्ञाच आहे (वचन 6).

गोची अशी, की नाताळच्या दिवसाच्या कॅथलिक मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) पहिल्या अध्यायाचं हे वाचन सहाव्या वचनावर थांबतं, म्हणजे 10 ते 12 वाचलीच जात नाहीत. त्यामुळे पुण्यात डिसेंबरात घरोघरी बायबल अभ्यास घेणाऱ्यांनी आधी स्तोत्र 102:25-27 मोठ्याने वाचून घ्यावं, मगच इब्री 1:10 उघडावं. क्रम उलटा झाला, तर हे शब्द मुळात कुणाला उद्देशून होते हेच ऐकणाऱ्याच्या हातून निसटतं.