‘रानी’ला बढती कशाला?

आमच्या इंदूरच्या मावसभावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना दटावलं: ‘झाँसी की रानी’ म्हणणं हा अपमान आहे, यापुढे ‘महारानी लक्ष्मीबाई’च म्हणायचं. खाली हात जोडलेल्यांची रांग. लंडनमध्ये, पॅडिंग्टनच्या गाडीत उभ्याने मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

‘रानी’त कमी काय आहे? संस्कृतात राज्ञी, प्राकृतात रण्णी, हिंदीत रानी, आपली राणी. राजन् शब्दाचं स्त्रीरूप. राजाची बायको आणि स्वतः राज्य चालवणारी, दोघींना तोच शब्द. गोंडवान्याची दुर्गावती 1564 मध्ये मोगलांशी लढताना गेली. जबलपूरचं विद्यापीठ आजही रानी दुर्गावतीच्याच नावाने आहे. तिला कुणी बढती दिली नाही, तिचं काही अडलं नाही. फार जुनं हवं असेल तर वैदिक पट्टराणीला ‘महिषी’ म्हणत. हे ग्रुपवर टाकायचा मोह आवरला, कारण मराठीत त्याचं काय झालं ते गोठ्यात बांधलेलं दिसतं.

समुद्रगुप्ताच्या अलाहाबादच्या लेखात त्याच्या आईला ‘महादेवी’ म्हटलंय, हे मला ठाऊक आहे. पण भावाच्या डोक्यातलं ‘महा’ गुप्तकाळातलं नाही, संस्थानी आहे. इंग्रज खूश झाले की राजाचा महाराजा करायचे, तोफांची सलामी मोजूनमापून द्यायचे. झाशीचे नेवाळकर मुळात पेशव्यांचे सुभेदार. ‘राजा’ ही पदवी त्यांना कंपनी सरकारने 1832 मध्ये दिली, आणि 1854 मध्ये त्याच सरकारने दत्तक नाकारून राज्य गिळलं. आता त्याच पट्टीने लक्ष्मीबाईंना एक पायरी वर चढवायची? असं म्हटलं की भाऊ म्हणतो, ‘तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस.’ दर वेळी हेच म्हणतो.

तिकडचं म्हणजे इकडचं सांगते. एलिझाबेथ राणी गेली त्याच दिवशी इथले सगळे क्यूसी, म्हणजे ‘क्वीन्स काउन्सेल’ ही पदवी असलेले ज्येष्ठ वकील, केसी (‘किंग्ज काउन्सेल’) झाले, कुणी मोर्चा काढला नाही. राजा चार्ल्सची बायको कॅमिला आधी ‘क्वीन कॉन्सॉर्ट’, म्हणजे राजाची पत्नी म्हणून राणी, होती. 2023 च्या राज्याभिषेकात ‘कॉन्सॉर्ट’ गळालं आणि नुसती ‘क्वीन’ राहिली. एक शब्द काढला आणि मान वाढला! (इथल्या लॉर्ड, बॅरोनेस आणि डेम मंडळींची यादी मी सोयीने बाजूला ठेवते.) याच लोकांना आपल्याकडे मात्र व्हिक्टोरियासाठी ‘क्वीन’ पुरेना. 1876 मध्ये कायदा करून ती एम्प्रेस झाली, आणि लाहोरच्या लाइटनर नावाच्या पंडित साहेबांनी देशी कानांसाठी ‘कैसर-ए-हिंद’ शोधून दिलं. मुंबईकरांनी त्यातलं काही मनावर घेतलं नाही. बागेला जिजाबाईंचं नाव देऊनही लोक पोरांना घेऊन राणीच्या बागेतच जातात.

भाऊ चुकतोय याबद्दल मला शंका नाही. पण त्याला ते सांगणारी मी, ब्रिटिश नागरिकत्व घेताना कौन्सिलच्या हॉलमध्ये क्वीन एलिझाबेथ द सेकंड आणि तिच्या वारसांशी इमान राखायची शपथ घेऊन बसलेली. व्हिक्टोरिया तिची खापरपणजी. शपथेचा फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा भावाने नुसता अंगठा दाखवला. मग सप्टेंबर 2022 मध्ये त्याचा मेसेज आला, ‘तुमची राणी गेली.’ ते ‘तुमची’ वाचून मी भडकले. माझी नाही, असं लिहून पाठवलं, आणि रात्री उशिरापर्यंत बीबीसी लावून बसले.